जॉब अडतो कुठे? लहान कारखान्यासाठी नियोजनाचं सॉफ्टवेअर निवडताना

कात्रज घाट ओलांडून पुणे-सातारा महामार्गाने नसरापूरकडे निघालं की शिंदेवाडी, ससेवाडी, वेळू, खेड-शिवापूर, शिवरे, वरवे अशी गावं लागत जातात. शिवगंगेचं हे खोरं भाताचं. गेल्या काही दशकांत भातखाचरांच्या कडेने पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. एमआयडीसीतल्या कारखान्याच्या पत्त्यात प्लॉट नंबर असतो. शिवऱ्यातल्या कारखान्याच्या पत्त्यात गट नंबर असतो, कारण तो कुणाच्या तरी सातबाऱ्यावरच्या जमिनीत उभा असतो. अशा शेडमध्ये फॅब्रिकेशन चालतं, व्हीएमसी मशीनवर सुटे भाग कापले जातात, इलेक्ट्रिकल पॅनेल बांधली जातात, कुठे एखाद्या मोठ्या कंपनीसाठी खास एकच मशीन तयार होत असतं. माणसं दहा, वीस, फार तर चाळीस. मालक स्वतः खरेदी पाहतो, ग्राहकाशी बोलतो, बँकेत जातो आणि संध्याकाळी डिस्पॅचच्या गाडीजवळही तोच उभा असतो.

एवढ्या कारखान्यात चार-पाच जॉब चालू असतात तोवर सगळं मालकाच्या डोक्यात राहतं. मदतीला ऑफिसातला पांढरा बोर्ड, खिशातली डायरी आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप. जॉब पंचवीसवर गेले की हे तिन्ही अपुरे पडतात. ‘सर, प्लेटिंगला पाठवलं’ हा निरोप दुपारी येतो आणि संध्याकाळपर्यंत चाळीस निरोपांखाली जातो. कुणी काय सांगितलं ते शोधलं तर ग्रुपवर सापडतं, पण आज सकाळी कुठला जॉब कुठे उभा आहे हे एका नजरेत कळत नाही. मग कुणी तरी सुचवतं, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घ्या. डेमो होतो, पडद्यावर रंगीत पट्ट्या सरकतात, वर्षाचे पैसे भरले जातात, आणि तीन महिन्यांनी त्यात शेवटची नोंद कधी झाली ते कुणाला सांगता येत नाही.

सॉफ्टवेअर वाईट असतं म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. बाजारात काय मिळतं इथून निवडीला सुरुवात होते, म्हणून असं होतं. आपलं काम कशाने अडतं याचा शोध आधी घेतला, तर निम्मी नावं यादीतून आपोआप गळतात आणि उरलेल्यांना काय विचारायचं ते कळतं.

हा शोध कागदावर घ्यायचा आहे. मागच्या तीन-चार महिन्यांत उशिरा गेलेला एक जॉब घ्या आणि त्याच्या तारखा लिहून काढा. पीओ कधी आली, ड्रॉइंग कधी मंजूर झालं, माल कधी आला, मशीनवर कधी चढला, हार्डनिंगला किंवा पावडर कोटिंगला कधी गेला, परत कधी आला, तपासणी कधी झाली, चलन कधी फाटलं. या तारखा व्हॉट्सॲप, चलनबुक, गेटचं रजिस्टर आणि टॅली यांतून निघतात. मग दोन तारखांमधले दिवस दोन रंगांनी रंगवा. जॉबवर प्रत्यक्ष हात चालू होता ते दिवस एका रंगात, जॉब नुसता पडून होता ते दुसऱ्या रंगात. जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यात दुसरा रंग बहुधा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त भरतो. मशीनवरचं काम काही तासांचं असतं आणि कॅलेंडरवर तीन आठवडे गेलेले असतात. वेल्डर सावकाश काम करतो, ऑपरेटर मोबाइल पाहतो अशा तक्रारींत आपण शक्ती घालवतो, पण वेळ गेलेला असतो तो ड्रॉइंगच्या मंजुरीत, मशीनपुढच्या रांगेत आणि बाहेरच्या व्हेंडरच्या रॅकवर.

पडून राहण्याची कारणं ठरावीक असतात, आणि प्रत्येक कारणाला लागणारं साधन वेगळं. त्यासाठी कामाचे प्रकार वेगळे करून पाहायला हवेत.

समजा, एखाद्या वाहन कंपनीने एक खास मशीन बनवायला दिलं. डिझाइनला ८ दिवस, ग्राहकाच्या मंजुरीला ५ दिवस. म्हणजे तेराव्या दिवशी खरं काम सुटतं आणि चार वाटांनी एकदम पळू लागतं. पहिली वाट विकत आणायच्या वस्तूंची: लिनिअर गाइड, सर्व्हो मोटर, यायला ३० दिवस. दुसरी फ्रेमची: फॅब्रिकेशन ७, स्ट्रेस रिलीव्हिंग ४, बाहेरच्या मोठ्या मशीनवर मशीनिंग ६, रंग ३, एकूण २० दिवस. तिसरी पॅनेलची: पीएलसी यायला १२ आणि वायरिंगला १०, एकूण २२. चौथी लहान भागांची: मशीनिंग ९, हार्डनिंग ३, ग्राइंडिंग ४, एकूण १६. चारही वाटा एकत्र आल्या की असेंब्ली ६ दिवस, ट्रायल ५ दिवस, ग्राहकासमोरची तपासणी २ दिवस.

या मशीनला किती दिवस लागतील? सगळे आकडे मिळवायचे नाहीत, सर्वांत लांब वाट धरायची. १३ अधिक ३० म्हणजे ४३, त्यात ६, ५ आणि २ मिळवले की ५६. फ्रेम तेहतिसाव्या दिवशी तयार होते आणि पुढचे दहा दिवस लिनिअर गाइडची वाट बघत उभी राहते. म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याला रात्रपाळी लावून दोन दिवस वाचवले, तर ओव्हरटाइम जातो आणि डिस्पॅचची तारीख होती तिथेच राहते. उलट डिझाइन चालू असतानाच, पाचव्या दिवशी, गाइडचं माप पक्कं झाल्याबरोबर त्याची ऑर्डर सोडली तर गाइड पस्तिसाव्या दिवशी दारात येतं. पॅनेलही त्याच दिवशी तयार होतं. असेंब्ली पस्तिसाव्या दिवशी सुरू होऊन मशीन अठ्ठेचाळिसाव्या दिवशी पूर्ण होतं. एका फोनने आठ दिवस वाचले. मात्र आता पॅनेलही गाइडइतकंच निकडीचं झालं, कारण त्याच्यापाशी शिल्लक दिवस उरले नाहीत. आणि ग्राहकाने मंजुरीच्या वेळी डिझाइन फिरवलं तर महागडं गाइड अंगावर पडेल. हा धोका घ्यायचा की नाही हे कुठलंही सॉफ्टवेअर ठरवत नाही. मालक ग्राहकाला ओळखून ठरवतो. सॉफ्टवेअर एवढंच दाखवतं की धोका घेतला तर आठ दिवस मिळतात.

सर्वांत लांब वाटेला क्रिटिकल पाथ म्हणतात. मराठी वाचकाला याचं मोठं उदाहरण ओळखीचं आहे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, ९०हून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. काम अनेक तुकड्यांत एकाच वेळी चालू होतं आणि तुकडे तयार होतील तसे उघडतही गेले. तरी सलग मार्ग सुरू व्हायला जानेवारी १९९८ उजाडला, कारण गोव्यातला पेडण्याचा बोगदा. दीड किलोमीटरच्या आसपासचा हा बोगदा मऊ, पाणी धरलेल्या मातीतून जात होता आणि खोदलेला भाग पुन्हा पुन्हा ढासळत होता. त्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातला एखादा पूल महिनाभर आधी पुरा झाला असता, तरी सगळ्या मार्गाची तारीख एका दिवसानेही अलीकडे आली नसती. शिवऱ्याच्या शेडमधलं लिनिअर गाइड आणि पेडण्याचा बोगदा यांचं गणित एकच आहे.

हे गणित मांडण्याची रीत १९५७च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांत मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी घडवली. रासायनिक कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागतो तो काळ कमी करणं हा तिचा एक सुरुवातीचा उपयोग. त्याच्या बऱ्याच आधी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, हेन्री गँट यांनी आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला होता. पोलंडच्या कारोल आदामिएत्स्की यांनी तसाच तक्ता १८९६ मध्ये मांडला होता. गँटच्या पट्ट्यांत काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार ते दिसतं. क्रिटिकल पाथच्या जाळ्यात कुठलं काम कशासाठी खोळंबलंय ते दिसतं. खरेदी करताना हा फरक लक्षात ठेवा, कारण पट्ट्या सुंदर दाखवणारी पण कामं एकमेकांना न जोडणारी सॉफ्टवेअरंही पुष्कळ विकली जातात.

वर मी दिवसांचे आकडे ठामपणे लिहिले. प्रत्यक्षात ते तसे नसतात. प्लेटिंगवाला ‘चार दिवसांत देतो’ म्हणतो आणि बहुतेक वेळा देतोही. पण कधी त्याच्याकडे मोठ्या गिऱ्हाइकाचा माल आलेला असतो, कधी रिजेक्शन होऊन पुन्हा टाकावं लागतं. अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी १९५८ मध्ये पर्ट नावाची पद्धत वापरली, तिच्यात यावर सोपा तोडगा आहे. एका कामाचे तीन अंदाज घ्यायचे: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि बिघडलं तर. मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन तिन्हींची बेरीज सहाने भागायची. प्लेटिंगला उत्तम दिवस २, नेहमीचे ४, वाईटात वाईट १२. दोन अधिक सोळा अधिक बारा म्हणजे तीस, भागिले सहा, उत्तर ५. ग्राहकाला तारीख देताना चार धरले तर दर जॉबला सरासरी एक दिवस तोट्यात आपण सुरुवात करतो, आणि एकामागे एक अशा पाच बाहेरच्या प्रक्रिया असल्या तर जवळजवळ आठवडा. या हिशेबाला वहीचं एक पान पुरतं. मागच्या वर्षाची चलनं काढून प्रत्येक व्हेंडरचे खरे दिवस मोजले, तर तो वाईटातला वाईट आकडाही अंदाजाने लिहावा लागत नाही.

आता दुसऱ्या प्रकारचा कारखाना. इथे एकच मोठं मशीन बनत नाही. रोज पाच-पन्नास, कधी पाचशे नगांचे लहान जॉब येतात, त्याच चार-पाच मशीनवरून फिरतात आणि जातात. इथे क्रिटिकल पाथ काढत बसण्यात अर्थ नाही, कारण काढून होईपर्यंत नवे तीन जॉब आलेले असतात. इथे रांग मोजायची. जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्ये एक नियम सिद्ध केला: आत असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं बाहेर पडण्याचा वेग गुणिले प्रत्येक कामाला आत लागणारा सरासरी वेळ. शेडमध्ये २४ जॉब उघडे आहेत आणि आठवड्याला ६ जॉब पुरे होतात, तर नव्या जॉबला सरासरी ४ आठवडे लागणार. ग्राहक तुटू नये म्हणून आणखी १२ जॉब एकदम आत घेतले, तर मशीन तीच, माणसं तीच, पण प्रत्येक ग्राहकाला ६ आठवडे. कुणीही आळस केलेला नाही आणि सगळेच ग्राहक नाराज आहेत.

म्हणून अशा कारखान्याला उघड्या जॉबवर मर्यादा घालणारा फळा लागतो. टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी कानबान कार्डांची पद्धत उभी केली, तिचा गाभा हाच आहे: पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल ढकलायचा नाही. पुण्याच्या वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्यांना कानबान कार्ड ठाऊक असतं, पण ते ग्राहकाच्या आग्रहामुळे. स्वतःच्या वायरकटपुढे किंवा ग्राइंडिंगपुढे किती जॉब उभे राहू द्यायचे याचा आकडा लिहून ठेवलेला कारखाना क्वचितच आढळतो.

एवढं कळलं की सॉफ्टवेअरची नावं घ्यायला हरकत नाही.

रांग हे दुखणं असेल तर ट्रेलोसारखा कार्डांचा फळा पुरतो. २०११ मध्ये आलेलं हे साधन २०१७ मध्ये अटलासियन कंपनीने विकत घेतलं. उभे रकाने म्हणजे टप्पे: माल यायचा आहे, व्हीएमसी, बाहेर हार्डनिंगला, ग्राइंडिंग, तपासणी, डिस्पॅच. एक जॉब म्हणजे एक कार्ड, त्यात ड्रॉइंग आणि फोटो. बोटाने सरकवलं की झालं. शिकवायला एक दुपार पुरते. मला विचाराल तर रोजच्या जॉबवर्कच्या दहा-पंधरा माणसांच्या शेडने इथूनच सुरुवात करावी, आणि त्याहीआधी महिनाभर भिंतीवरच्या खऱ्या फळ्यावर कागदी कार्डं लावून पाहावी. कागदी कार्ड सरकवायची सवय ज्यांना लागत नाही, त्यांना मोबाइलवरचं कार्ड सरकवायची सवयही लागत नाही.

खास मशीन, शेडचं बांधकाम, सोलरचे किंवा इंटिरिअरचे मोठे प्रकल्प असं काम असेल तर कामं एकमेकांना जोडणारा गँटचा तक्ता हवा. गँटप्रोजेक्ट आणि प्रोजेक्टलिब्र ही दोन्ही मोफत आहेत आणि ऑफिसातल्या एका संगणकावर चालतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट जुनं आणि भक्कम आहे, पण वर्षाला दोन-तीन मशीन बनवणाऱ्या कारखान्याला त्यातला फार थोडा भाग लागतो. चार-पाच जणांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच तक्ता पाहायचा असेल, साइटवरचा माणूस आणि ऑफिसातला माणूस दोघांनी नोंद करायची असेल, तर इंटरनेटवर चालणारं झोहो प्रोजेक्ट्स किंवा असाना पाहावं. झोहोचं मुख्यालय तमिळनाडूत आहे. जिरा हे नाव आयटीतल्या भाच्या-पुतण्यांकडून हमखास ऐकायला मिळतं. ते मुळात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या कामासाठी घडलेलं आहे, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ते आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरच्या प्रक्रियांमध्ये माल अडकत असेल, तर वेगळं सॉफ्टवेअर घेण्याआधी एक साधी गूगल शीट करून पाहा. चलन क्रमांक, व्हेंडर, नग, पाठवल्याची तारीख, कबूल केलेली तारीख, परत आल्याची तारीख. जीएसटीच्या नियमानुसार जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत यावा लागतो, त्यामुळे चलन तर बनतंच. तीच नोंद या शीटमध्ये गेली की झालं. कबूल केलेली तारीख उलटून गेलेल्या ओळी लाल होतील अशी सोय दहा मिनिटांत करता येते, आणि रोज सकाळी त्या लाल ओळींवरच फोन करायचे.

आणि अडचण मालाच्या साठ्याची, कुठल्या जॉबला किती खर्च आला हे न कळण्याची, खरेदी आणि उत्पादन यांचा मेळ न बसण्याची असेल, तर तिथे प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर पुरणार नाही, ईआरपी लागेल. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रापे कंपनीने बनवलेलं आणि सर्वांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर. रुषभ मेहता हे तिचे संस्थापक. त्यात बिल ऑफ मटेरियल, वर्क ऑर्डर, जॉब कार्ड, साठा, हिशेब आणि प्रोजेक्ट एकाच ठिकाणी आहेत. परवान्याचे पैसे लागत नाहीत, म्हणून ते फुकट आहे असं समजू नका. ते बसवायला, आपल्या कामाप्रमाणे वळवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो, आणि प्रत्येक उत्पादनाची बिल ऑफ मटेरियल अचूक लिहायला काही महिने लागतात. ज्या कारखान्यात स्टोअरमधून माल चिठ्ठीशिवाय उचलला जातो तिथे आधी चिठ्ठीची शिस्त बसवा. ईआरपी ती शिस्त आणत नाही, गृहीत धरतं.

डेमोच्या वेळी विक्रेत्याचं तयार उदाहरण पाहू नका. आपला तो उशिरा गेलेला जॉब त्याच्यासमोर ठेवा आणि त्याच्याकडून तो भरून घ्या. वरच्या मशीनचंच उदाहरण घेतलं, तर सांगा की लिनिअर गाइड पाच दिवस उशिरा येणार आहे. शेवटची तारीख आपोआप पाच दिवस पुढे सरकली पाहिजे. ते परत पहिल्यासारखं करून फॅब्रिकेशन पाच दिवस लांबवा. गाइडची ऑर्डर मंजुरीनंतर सोडलेली असेल तर शेवटची तारीख हलता कामा नये, कारण फ्रेमकडे दहा दिवस शिल्लक आहेत. या दोन प्रश्नांत सॉफ्टवेअरच्या पोटातलं सगळं कळतं.

मग कॅलेंडर विचारा. परदेशात बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये शनिवार-रविवारची सुट्टी गृहीत असते. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. तुमचा कारखाना रविवारी बंद असला, तरी भोसरीतला व्हेंडर गुरुवारी बंद असू शकतो, म्हणजे प्रत्येक व्हेंडरचं कॅलेंडर वेगळं ठेवता आलं पाहिजे. त्याहून मोठी गोष्ट आहे भात लावणीची. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथल्या गावांतून येणारी माणसं जुलैच्या आसपास लावणीला घरी थांबतात. कापणीला पुन्हा तसंच. उन्हाळ्यात गावोगावच्या जत्रा. ही काही अचानक पडलेली गैरहजेरी नाही, ती दरवर्षी ठरलेली असते, आणि तरी ती डिस्पॅचच्या तारखांत धरलेली नसते. जुलैमध्ये हातांची संख्या निम्मी धरून तारखा काढता येतात का, हे विक्रेत्यासमोर करून पाहा. आपल्या माणसांच्या शेतीला मान देऊन केलेलं नियोजन माणसांनाही कळतं. लावणीच्या आधी चार दिवस जास्त थांबायला ती स्वतःहून तयार होतात.

तिसरी परीक्षा शॉप फ्लोअरवर घ्यायची. नोंद करणारा माणूस मालक नसतो, सुपरवायझर असतो किंवा ऑपरेटर. त्याचे हात तेलकट असतात, मोबाइल स्वस्तातला असतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये आत गेलं की नेटवर्क जातं. त्याच्याच मोबाइलवर, त्याच्याच जागेवर उभं राहून एक नोंद करून घ्या. जॉब शोधून, टप्पा बदलून, फोटो टाकायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत असेल तर गर्दीच्या दिवशी ती नोंद होणार नाही. नेट नसताना केलेली नोंद नंतर आपोआप चढते का तेही बघा. जॉब कार्डावर क्यूआर कोड छापून तो स्कॅन करता येत असेल तर शोधायचा वेळ वाचतो. संध्याकाळी ऑफिसात बसून कुणी तरी सगळ्यांच्या वतीने नोंदी भरतो अशी व्यवस्था केली, तर फळ्यावर नेहमी कालची परिस्थिती दिसेल.

भाषेचा प्रश्न याच परीक्षेतला. सगळे पडदे मराठीत मिळाले तर उत्तमच. ते नसले तरी शेरे मराठीत लिहिता आले पाहिजेत, बोलून टाइप करता आले पाहिजेत, आणि देवनागरीत शोधल्यावर सापडले पाहिजेत. रिपोर्टची पीडीएफ काढून पाहा. कित्येक सॉफ्टवेअरांत पडद्यावर नीट दिसणारी जोडाक्षरं छपाईत फुटतात. रिजेक्शनचं कारण ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याला ते स्वतःच्या भाषेत लिहिता आलं, तर ते खरं आणि पुरेसं लिहिलं जातं. इंग्रजीची सक्ती केली की तो ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ लिहून मोकळा होतो.

ड्रॉइंगची रिव्हिजन हा आणखी एक तपासण्याचा मुद्दा. ग्राहक ईमेलवर सुधारित ड्रॉइंग पाठवतो, ऑफिस ते ग्रुपवर टाकतं आणि मशीनवर जुनाच प्रिंट लावलेला असतो. जॉबच्या कार्डावर नवं ड्रॉइंग चढलं की जुनं बाजूला पडून त्यावर ‘रद्द’ दिसतं का? हे होत असेल तर एखादाच वाचलेला लॉट सॉफ्टवेअरचा वर्षाचा खर्च भरून काढू शकतो.

खर्चाचा हिशेब माणशी आणि महिन्याला असा सांगितला जातो, म्हणून तो लहान वाटतो. समजा माणशी ८०० रुपये महिना आणि १२ माणसं. महिन्याला ९,६००, वर्षाला १,१५,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी २०,७३६. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण पैसे आधी जातात. परदेशी कंपनीकडून थेट घेतलं तर रिव्हर्स चार्जने कर आपल्यालाच भरावा लागू शकतो; ते सीएला आधी विचारा. बाराच्या बारा जणांना खातं लागतं का हेही बघा. पुष्कळ ठिकाणी तीन जण नोंद करणारे आणि बाकीचे नुसते पाहणारे असतात, आणि पाहणाऱ्यांसाठी शेडमध्ये एक टीव्ही लावला तर भागतं.

ज्या फायद्याचा विचार सहसा होत नाही तो पैसे वसुलीचा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि करारातही ती मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण हे दिवस माल किंवा काम स्वीकारल्यापासून मोजले जातात, आणि वादात ती तारीखच सापडत नाही. सही-शिक्क्याच्या चलनाचा फोटो, ट्रायल घेतल्याचा फोटो, ग्राहकाने ईमेलने दिलेली मंजुरी हे सगळं त्या जॉबच्या कार्डावर त्याच दिवशी चढलं असेल तर बोलताना आपल्या हातात तारीख असते. ॲडव्हान्स, डिस्पॅचचे पैसे, बसवणी झाल्यावरचे पैसे हे टप्पेही कामाच्या टप्प्यांसारखेच तक्त्यात लिहा. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाशी बोलायला लहान कारखानदार कचरतो; कागद पक्के असले की त्याचं कचरणं कमी होतं, आणि मला या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

घेण्याच्या दिवशीच सोडण्याची सोय पाहून ठेवावी. वंडरलिस्ट नावाचं लोकप्रिय साधन मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. अटलासियनने ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या जिराच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबवला. मोठ्या कंपन्यांचं हे चालतंच. आपल्या नोंदी सीएसव्ही किंवा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का, त्यांच्याबरोबर जोडलेले फोटो आणि ड्रॉइंगही येतात का, हे पैसे भरण्याआधी एकदा काढून बघा, आणि मग महिन्याच्या पहिल्या तारखेला एक प्रत ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर घ्या. खातं उघडताना कंपनीचा ईमेल वापरा. कामावर असलेल्या हुशार मुलाच्या खासगी जीमेलवर सगळं उघडलेलं असतं, तो नोकरी बदलतो, आणि तीन वर्षांची चलनं, ड्रॉइंगं आणि व्हेंडरच्या तारखा त्याच्या पासवर्डमागे राहतात. ॲडमिनचे अधिकार दोघांकडे द्या, त्यातला एक मालक किंवा घरातलं कुणी असावं, आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठी जो मोबाइल नंबर नोंदवायचा तो कंपनीच्या नावावरचा असावा.